पोटामागें आलेल्यांचा खेळ

पोटासाठीं मुलूख सोडून आलेल्या माणसांच्या नाचगाण्याकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा आमच्या सुशिक्षित समाजांत रूढ आहेत, आणि आमच्या मतें त्या दोन्ही सारख्याच खोट्या आहेत. पहिली तऱ्हा जुनी. तिच्या लेखीं गिरणगांवांतला पोवाडा, चाळीच्या पटांगणांतलें वगनाट्य, संपाच्या सभेंतलें गाणें हा सगळा प्रचार. आणि प्रचार आला कीं कला गेली. 'कलेसाठीं कला' कीं 'जीवनासाठीं कला' हें दळण फडके-खांडेकरांच्या काळापासून आपण इतकें दळलें आहे कीं जातें झिजून गेलें, पीठ मात्र पसाभरहि पडलें नाहीं.

दुसरी तऱ्हा नवी आहे आणि ती अधिक गोड बोलते. ती मजुराला हिणवीत नाहीं. उलट त्याच्याविषयीं तिला कळवळा येतो. घरदार तुटलेल्या, परक्या भाषेंत वावरणाऱ्या या दुःखी जिवांच्या मनाच्या जखमा नृत्यनाट्यानें भरून काढाव्या, असें ती म्हणते. म्हणणें वाईट नाहीं. पण मग वस्तींत तीन दिवसांचें शिबिर भरतें. थकूनभागून आलेल्या बायाबापड्यांना वर्तुळांत बसवून डोळे मिटावयास, गांव आठवावयास आणि मोकळेपणीं रडावयास सांगतात. आणि एखादीनें मध्येंच विचारलें कीं, 'ताई, ठेकेदारानें दोन महिन्यांची मजुरी बुडविली आहे, त्याचें कांहीं करतां येईल का?', तर तिला अगदीं प्रेमानें सांगण्यांत येतें कीं तो आजचा विषय नव्हे. चौथ्या दिवशीं छायाचित्रांसह अहवाल तयार होतो. वस्तीचें मन हलकें झाल्याचें त्यांत नमूद असतें.

पहिला पक्ष म्हणतो, न्याय मागाल तर कला नासेल; दुसरा म्हणतो, न्याय मागाल तर मनःशांति नासेल. एरवीं एकमेकांचें तोंड न पाहणारे हे दोन पक्ष एका गोष्टीवर मात्र एकमत आहेत, कीं न्याय मागूं नये. मनोविकारांवर शास्त्रशुद्ध उपचार करणाऱ्या वैद्यांशीं आमचें भांडण नाहीं. त्यांचें काम निराळें आणि तें त्यांनीं करावें. भांडण आहे तें या कल्पनेशीं, कीं परक्या शहरांत पिचलेल्या एका सबंध समाजाचें दुःख, त्याचें कारण न बोलतां, नाचवून घालवितां येईल. गांव सुटल्याची हळहळ आणि आलेल्या जागीं माणूस म्हणून उभें राहूं देण्याची मागणी हीं एकाच गाण्याचीं दोन कडवीं आहेत. ज्यांनीं हीं गाणीं प्रत्यक्ष रचलीं, नाचलीं, त्यांनीं तीं कधींहि वेगळीं केलीं नाहींत. वेगळीं केलीं तीं आपण, खुर्चींत बसून.

याचा पुरावा फार लांब शोधावयास नको. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं मुंबईंत पहिली कापडगिरणी काढली, आणि पुढल्या साठसत्तर वर्षांत कोंकणपट्टींतून, घाटावरच्या दुष्काळी तालुक्यांतून, गोव्यांतून, उत्तरेंतून माणसांचा लोंढा या बेटाकडे वाहूं लागला. १९२१ च्या जनगणनेंत मुंबईच्या दर शंभर रहिवाशांमागें चौऱ्यायशीं माणसें शहराबाहेर जन्मलेलीं निघालीं. आज 'अस्सल मुंबईकर' म्हणून मिरविणाऱ्या बहुतेक घराण्यांचें पुराण चारपांच पिढ्यांपलीकडे जात नाहीं, हें या आंकड्यावरून ज्याचें त्यानें ताडावें. एका खोलींत दहा-पंधरा गडी, पाळीपाळीनें निजणारे, जेवण खाणावळवालीकडे, बायकामुलें गांवीं, आणि त्यांच्या नांवें दरमहा मनिऑर्डर. असें हें जिणें.

या माणसांनीं येथें येऊन काय केलें? युनियन, संप, मोर्चे हें सारें मागाहून आलें. आधीं त्यांनीं आपलें गांव येथें आणलें. गांवाच्या नांवाचीं मंडळें निघालीं. शिमग्याचें नमन, दशावतार, भजन, जाखडी हीं सारीं चाळींच्या मधल्या चौकांत येऊन उतरलीं. जाखडीचेंच पाहा. मधोमध मृदंगवाला व गाणारे बसतात, त्यांच्याभोंवतीं पायांत चाळ बांधलेले गडी फेर धरतात, आणि शक्तिवाले व तुरेवाले यांच्या सवालजबाबांत रात्र सरते. आतां या नाचाला शहरांत कोणतें नांव मिळालें? रत्नागिरीकडचा कुणबी गडी पांढरपेशांच्या घरीं पाणी भरी, भांडीं घाशी. त्याच्या कानांतल्या बाळीवरून त्याला 'बाल्या' म्हणूं लागले असें सांगतात, आणि तो नाचूं लागला तेव्हां त्याच्या जाखडीला 'बाल्या डान्स' म्हणून आमचे आजेपणजे मोकळे झाले. ज्याला दिवसभर या नांवानें हांक मारून काम सांगावयाचें, तोच रात्रीं प्रकृति थोर कीं पुरुष थोर या वादांत प्रतिपक्षाच्या शाहिराला कोंडींत पकडीत असे. आणि भोंवतालचे शेंदोनशें लोक, जे स्वतः दिवसभर कुणाचे तरी गडी असत, त्याच्या विद्वत्तेला माना डोलवीत असत. जखम भरून येणें म्हणतात तें हें. दिवसां काढून घेतलेली प्रतिष्ठा रात्रीं आपल्याच माणसांच्या साक्षीनें परत मिळविणें, हा त्याचा व्यवहार आहे. यांत कुणीहि कुणाला डोळे मिटावयास सांगितलें नव्हतें.

गोंयकारांची गोष्ट याहूनहि बोलकी आहे, आणि ती आमच्या मराठी वाचकांना फारशी ठाऊक नसते म्हणून थोडी विस्तारानें सांगतों. गोवा तेव्हां पोर्तुगीजांच्या अमलाखालीं. म्हणजे मुंबईस येणारा खलाशी, आचारी वा वाजंत्री हा खऱ्या अर्थानें परराज्यांतून आलेला मनुष्य. धोबीतलाव, माझगांव या भागांत गांवागांवांच्या 'कुडी' असत. तेथें पेटी ठेवावी, जहाज मिळेपर्यंत पथारी पसरावी. या लोकांच्या भाषेला ना गोव्यांत राजमान्यता, ना मुंबईंत. अशा माणसांनीं १७ एप्रिल १८९२ रोजीं, ईस्टरच्या दिवशीं, मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरांत 'इटालियन भुरगो' नांवाचा खेळ केला. लुकाझिन्यो रिबेरो यांनीं तो मुंबईस आलेल्या इटालियन संगीतनाटक मंडळीच्या धर्तीवर बसविला होता. तियात्र या प्रकाराचा जन्म तो हाच. गोव्याची म्हणून आज जी रंगभूमि नांवाजली जाते ती गोव्यांत जन्मलीच नाहीं. ती गोवा सोडून आलेल्यांनीं मुंबईंत घडविली आणि मग गांवीं नेली.

त्या पहिल्या खेळांत काम करणारे जुआंव आगोस्तिन्यो फर्नांडिस यांनीं पुढें 'भाटकार' हें तियात्र लिहिलें आणि १९०४ सालीं रंगभूमीवर आणलें. भाटकार म्हणजे जमीनदार; त्याच्या जमिनींत राहणारा मुंडकार त्याचा बांधील. मुंबईच्या प्रेक्षागारांत जे बसत त्यांतले पुष्कळसे याच मुंडकारांचे मुलगे. ज्याच्यासमोर गांवीं मान वर करावयाची सोय नव्हती, त्या भाटकाराला रंगमंचावर उभा करून ते त्याला भरसभेंत हंसले. आणि त्याच खेळांत फर्नांडिस यांच्या पत्नी रेजिना यांनीं भूमिका केली. कोंकणी रंगभूमीवरील त्या पहिल्या स्त्री नटी. येथें एक गोष्ट सहज लक्षांत येते. त्याच्या दुसऱ्या वर्षीं, १९०५ सालीं, बालगंधर्व किर्लोस्कर मंडळींत दाखल झाले, आणि आमच्या अभिजात नाट्यगृहांत पुढें कित्येक वर्षें पुरुषानें नेसलेल्या शालूचें कौतुक चाललें. बालगंधर्वांची थोरवी त्यामुळें कमी होत नाहीं. परंतु सामाजिक धीटपणांत आचाऱ्यांचें व खलाशांचें नाटक आमच्या रसिकांच्या नाटकापुढें होतें, एवढें तरी कबूल करावयास हरकत नसावी.

आतां लाल बावट्याकडे वळूं. कारण 'प्रचार' हा शब्द मुख्यतः ज्यांच्यासाठीं राखून ठेवलेला असतो ते हेच लोक. वाळवें तालुक्यांतल्या वाटेगांवचा एक मातंग मुलगा बापाबरोबर पायीं चालत मुंबईस आला, मिळेल तें काम करून जगला, गिरणींत राबला. त्यानें, अमर शेख यांनीं आणि द. ना. गव्हाणकर यांनीं १९४४ सालीं लाल बावटा कलापथक काढलें. अण्णाभाऊ साठ्यांनीं तमाशाच्या आराखड्यांत केलेले फेरफार बारकाईनें पाहण्यासारखे आहेत. गणांत गणपतीच्या जागीं मायभूमीला व तिच्यासाठीं खपलेल्यांना वंदन आलें. गौळण बाजूला सरली. वगांतला राजा जाऊन तेथें सावकार, काळाबाजारवाला आणि खोटा देशभक्त आला. सोंगाड्या मात्र राहिला, कारण सोंगाड्याशिवाय मालकाला तोंडावर बोलणार कोण? याच मुलुखांतल्या पठ्ठे बापूरावांनीं मुंबईच्या वैभवावर लावणी गाइली होती. अण्णाभाऊंनीं त्याच शहरावर लावणी रचली आणि तिच्यांत मलबार हिल व परळ यांना शेजारीं शेजारीं उभें केलें. पुढें स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनें तमाशावर बंदी व निर्बंध आणले, तेव्हां तोच खेळ 'लोकनाट्य' हें सोवळें नांव धारण करून पुन्हां लोकांपुढें आला. गंमत अशी कीं, तमाशाला नाक मुरडणाऱ्या पांढरपेशांना लोकनाट्य लगेच रुचलें.

परंतु आमच्या मुद्द्याला निर्णायक ठरते ती 'माझी मैना' ही एकच रचना. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत अमर शेखांच्या खड्या आवाजानें ती गांवोगांव पोंचली. तिचा विषय काय? दारिद्र्यापायीं बायकोला गांवीं ठेवून एक गडी मुंबईस येतो. निरोपाचा प्रसंग, तिचें रूप, तिची समजूत घालणें, मग या अफाट शहरांतली त्याची ससेहोलपट. येथपर्यंत ती परंपरागत विरहाची छक्कड आहे. कोणत्याहि शिबिरवाल्यानें ती आनंदानें म्हणवून घ्यावी आणि येथेंच थांबवावी. पण शाहीर थांबत नाहीं. गाणें पुढें जातें, मोर्चे येतात, गोळीबार येतो, आणि शेवटीं उमगतें कीं जशी त्याची मैना त्याच्यापासून दुरावली तसाच बेळगांव-कारवारचा मुलूख महाराष्ट्रापासून दुरावला आहे. ज्याला प्रांतरचनेचा अर्थ भाषणांतून कळला नसता त्याला तो स्वतःच्या अंथरुणाच्या रिकाम्या अर्ध्या भागावरून कळला. आतां कलावाद्यांनीं आम्हांस सांगावें, कीं यांतली कोणती ओळ कला आणि कोणती प्रचार? आणि कळवळ्याच्या पक्षानें सांगावें, कीं यांतलें कोणतें कडवें ऐकून त्या गड्याचें मन हलकें झालें असेल: पहिलें, कीं शेवटचें? आमचा तर्क असा कीं, शेवटचें येणार आहे हें ठाऊक असल्यामुळेंच त्याला पहिलें सोसवलें.

कलापथकांच्या नांवाखालीं जें जें झालें तें सगळें चांगलें होतें, असें मात्र कुणी समजूं नये. पुष्कळसें वाईट होतें. घोषणेला यमक जोडलें कीं पोवाडा झाला अशा समजुतीनें रचलेलीं गाणीं ज्या सभेसाठीं केलीं त्या सभेबरोबरच मेलीं, आणि त्यांच्यासाठीं रडावें असें त्यांत कांहीं नव्हतें. पक्षांनाहि कलावंत हवा असतो तो गर्दी जमेपर्यंत. मग व्यासपीठावर पुढारी चढतो आणि डफ खालीं ठेवावयास सांगतो. अण्णाभाऊंनीं आयुष्याचीं कितीतरी वर्षें घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टींत काढलीं. १९६९ च्या १८ जुलैला ते गेले, आणि सहा आठवड्यांच्या आंत, २९ ऑगस्टला, अमर शेख गेले. पुढें टपाल तिकीट निघालें, २०२२ सालीं मॉस्कोंत पुतळाहि उभा राहिला. पुतळ्याला खोलीभाडें पडत नाहीं. पण वाईट प्रचारगाण्यांवरून सबंध प्रकाराला दोष देणाऱ्यांनीं हेंहि ध्यानांत घ्यावें कीं त्याच वर्षांत आमच्या नाट्यगृहांतून जीं शुद्ध कलेचीं कौटुंबिक नाटकें झालीं, त्यांतलींहि नव्याण्णव आज कुणाला आठवत नाहींत. निकृष्ट कृतींच्या बाबतींत उभयपक्षीं समानता आहे.

एक खरा आक्षेप मात्र आहे, आणि तो आमच्या विरोधकांनीं कधीं घेतलेला नाहीं. या साऱ्या खेळांत बाई कुठें होती? गड्यांचा एकलेपणा दूर करण्यासाठीं लावणी नाचणारी होती, पण तिचा स्वतःचा एकलेपणा कोणत्याहि वगाचा विषय सहसा झाला नाहीं. पहांटे उठून पंचवीस-तीस गड्यांच्या भाकऱ्या थापणारी खाणावळवाली होती. ती प्रेक्षकांतहि क्वचितच असावी, कारण तेवढ्या वेळांत उद्याचें पीठ चाळावयाचें असे. आणि गांवीं राहिलेली मैना? तिचें वर्णन गाण्यांत आहे, तिचें बोलणें नाहीं. तें बोलणें जात्यावर झालें. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हां यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या लाखाहून अधिक ओव्या टिपून घेतल्या. त्यांत मुंबईस गेलेल्या नवऱ्याची वाट आहे, न आलेल्या मनिऑर्डरीची खंत आहे, शहरांत त्यानें दुसरी केली असेल काय हा जळता संशय आहे. म्हणजे या गाण्याचीं दोन नव्हे, तीन कडवीं होतीं आणि तिसरें रंगमंचावर आलेंच नाहीं. गिरणगांवच्या शाहिरीवर टीका करावयाची तर ती येथें करावी. तिनें न्याय मागितला हा तिचा दोष नव्हे. तो अर्ध्याच माणसांसाठीं मागितला हा आहे.

कुणी म्हणेल, हा सगळा मुंबईचा आणि एका पक्षाचा मामला; यावरून सर्वसामान्य सिद्धान्त काढतां येणार नाहीं. म्हणून साता समुद्रांपलीकडचें एक उदाहरण देतों. कॅलिफोर्नियांतल्या डेलानो येथें ८ सप्टेंबर १९६५ रोजीं द्राक्षमळ्यांतल्या फिलिपिनो मजुरांनीं संप पुकारला. आठवड्याभरानें सेझर चावेझ यांच्या संघटनेचे मेक्सिकन मजूर त्यांना मिळाले. त्या संपांत लुईस वाल्डेझ या मजुराच्याच मुलानें मजुरांची नाटकमंडळी उभी केली; नांव 'एल तेआत्रो काम्पेसिनो', म्हणजे शेतमजुरांचें नाटक. पडदा नाहीं, नेपथ्य नाहीं. उघड्या मालमोटारीचा मागचा भाग हाच रंगमंच, आणि नट ते संपवालेच. गळ्यांत पाटी अडकवावयाची: हा मालक, हा संपवाला, हा संपफोड्या. एका छोट्या खेळांत मळ्याचा मालक डुकराचा मुखवटा घालून येतो आणि मजुराच्या जिण्याचा हेवा करतो. हौस म्हणून दोघे मुखवटा व टोपी यांची अदलाबदल करतात. आणि मग मजूर मालकासारखा वागूं लागतांच मालक मदतीसाठीं त्याच संघटनेचा धांवा करूं लागतो. पंधरा मिनिटांचा खेळ. पण ज्यानें मळ्यांत मुकादमाची शिवी कधीं परत केली नाहीं, त्यानें मालमोटारीवर चढून सर्वांसमोर मालकाची नक्कल केली, आणि दुसऱ्या दिवशीं तो मळ्याच्या दाराशीं निदर्शनाला उभा राहिला. १९६६ सालीं मजूर डेलानोहून राजधानी साक्रामेंटोपर्यंत शेंकडों मैल चालत गेले, तेव्हां मुक्कामाला रात्रीं हे खेळ होत. १९७० सालीं मळेवाल्यांनीं करार केले. ते करार नाटकामुळें झाले असें आम्ही म्हणत नाहीं. पांच वर्षांचा संप आणि द्राक्षांवरचा देशव्यापी बहिष्कार यांचें तें फळ. परंतु पांच वर्षें उपाशी संप चालवावयाला माणसाचें मन ताठ राहावें लागतें, आणि तें ताठ ठेवण्याच्या कामीं रात्रीच्या त्या खेळांचा वांटा होता. तेथेंहि मंडळी आणि संघटना यांचें फार काळ जमलें नाहीं. १९६७ सालींच तीं वेगळीं झालीं. नाटकवाल्यांनीं कुणाचेंहि कायमचें शेपूट होऊं नये, ही अक्कल तिकडेहि अनुभवानेंच आली.

इकडे आमच्या गिरणगांवाचें काय झालें तें सर्वश्रुत आहे. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुमारें अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले, आणि तो संप रीतसर मिटलाच नाहीं, गिरण्या मिटल्या. त्यांच्या जागीं मनोरे उभे राहिले. कामगार उपनगरांत, गांवीं, कुठें कुठें पांगला. त्याच्यामागोमाग त्याच्या खेळाच्या जागा गेल्या, आणि याविषयीं मात्र फारसें कुणी बोललें नाहीं. लालबागच्या हनुमान थिएटरांत तमाशाचे फड लागत. तें बंद पडलें. परळचें दामोदर नाट्यगृह सोशल सर्व्हिस लीगनें १९२२ सालीं कामगारवस्तीसाठीं उभारलेलें. कोंकणी चाकरमान्यांच्या नमन-जाखडीचा आणि कामगार रंगभूमीचा तो हक्काचा मंच. पुनर्विकासासाठीं तें २०२३ सालीं बंद झालें, तेव्हां विरोध केला तो मुख्यत्वें तेथें खेळ करणाऱ्यांनींच. आम्हां सुशिक्षितांपैकीं पुष्कळांना त्याच आठवड्यांत लोककलेवरील परिसंवाद होता.

येथवर वाचून एखादा मराठी वाचक सुखावला असेल. कारण गोष्ट शेवटीं आपल्याच माणसांची. म्हणून आतां उरलेला भाग सांगतों, जो त्यास कदाचित् सुखावणार नाहीं. मुंबईंत आज खोलींत दहा जण पाळीपाळीनें निजतात ते कोण? इमारतीच्या परांचीवर, रिक्षेंत, गोदामांत, आमच्या दाराशीं पहारेकरी म्हणून जे आहेत त्यांतले असंख्य लोक पूर्व उत्तरप्रदेशांतून व बिहारांतून आलेले आहेत. त्यांचीहि मैना गांवीं राहिलेली आहे. आणि त्यांचाहि शाहीर होऊन गेला. सारण जिल्ह्यांतल्या कुतुबपूरचे भिखारी ठाकूर, जन्म १८८७, जातीनें न्हावी, पोटासाठीं खडगपूरला गेले आणि परत येऊन त्यांनीं नाचमंडळी काढली. त्यांच्या 'बिदेसिया'चा विषय असा: नवरा नव्या बायकोला गांवीं टाकून कलकत्त्याला जातो, तेथें दुसरीबरोबर राहतो, इकडे ती वाट पाहते आणि एका वाटसरूहातीं निरोप धाडते. गिरणगांवानें जें तिसरें कडवें रंगमंचावर येऊं दिलें नाहीं, तें या न्हाव्यानें खेळाच्या मध्यभागीं ठेवलें. भूमिका पुरुषच करीत, तरी बोलणें तिचें होतें.

यावर आमच्या सोसायट्यांच्या बैठकींतून जें उत्तर मिळतें तें आम्हांस पाठ आहे: 'त्यांचीं गाणीं अश्लील असतात, त्यांचा गोंगाट होतो, आणि मुळांत हे आले कशाला?' बाजारांत विकलीं जाणारीं भोजपुरी गाणीं पुष्कळशीं बीभत्स असतात हें खरें. तमाशाविषयीं आमच्या आजोबांनीं हेंच म्हटलें होतें, आणि तेंहि अगदींच खोटें नव्हतें. गोंगाटाविषयीं म्हणाल तर जाखडीचा मृदंग मुका कधींच नव्हता. राहिला तिसरा प्रश्न, तर त्याचें उत्तर १९२१ च्या जनगणनेंत आहे. २००८ सालीं मुंबईंत व आसपास टॅक्सीवाल्यांना आणि रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या उत्तरेकडच्या तरुणांना मारहाण झाली. ती करणाऱ्यांत ज्यांचे आजे कोंकणांतून वा घाटावरून पेटी घेऊन आले होते असे किती असतील, याचा हिशेब ज्याचा त्यानें करावा.

आणि ८ मे २०२० ची पहांट आम्ही विसरलों नसूं अशी आशा आहे. साथीमुळें सारें बंद होतें. जालन्याच्या पोलाद कारखान्यांतले मध्यप्रदेशी मजूर रुळांवरून चालत गांवीं निघाले होते. तेव्हांच्या औरंगाबाद जिल्ह्यांत, करमाडजवळ, थकून रुळांवरच झोंपले. त्यांतल्या सोळा जणांच्या अंगावरून मालगाडी गेली. त्यांच्या भाकऱ्या रुळांत विखुरल्याचें छायाचित्र आपण सर्वांनीं पाहिलें आणि हळहळलों. या सोळांवर आमच्या नाट्यगृहांत किती खेळ लागले, हें आम्ही विचारीत नाहीं. एखाद्या चांगल्या नाटककारानें त्यांच्यावर चांगलें नाटक लिहिलें तरी तो आमच्या हळहळीचा इतिहास होईल. विचारतों तें असें, कीं त्यांचे सोबती, जे त्या रात्रीं रुळांच्या बाजूला झोंपल्यामुळें वांचले, त्यांना किंवा त्यांच्यासारख्यांना उद्यां स्वतःच तो खेळ उभा करावयाचा असेल, त्यांत कारखानदार, ठेकेदार, सरकार, आणि टाळ्याथाळ्या वाजविणारे आपण, या साऱ्यांचीं सोंगें आणावयाचीं असतील, तर त्याला जागा कोण देणार आहे?

त्यांना आमच्या मार्गदर्शनाची गरज नाहीं. ढोलक, झांज, बिरहा आणि नाच हें सारें ते गांवाहून घेऊन आलेले आहेत. बांधकामाच्या जागेवर पत्र्याच्या झोंपड्यांत रात्रीं तें चालूहि असतें, आवाज दाबून. लागतें तें निराळेंच: आठवड्यांतून एक खरी सुट्टी, म्हणजे तालीम होऊं शकेल, महापालिकेच्या नाट्यगृहांत वर्षांतून कांहीं तारखा, त्यांच्या खिशाला परवडेल अशा भाड्यानें, आणि वस्तीजवळच्या मैदानाचा एक कोपरा, दिव्यासाठीं वीज व रात्रीं दहापर्यंतचा परवाना. असा अर्ज कुठल्याशा पहारेकऱ्यांच्या किंवा गवंड्यांच्या मंडळानें केलाच, तर शेजारच्या गृहसंस्थेची हरकत आहे कीं नाहीं हें पाहिल्यावांचून तो पुढें सरकणार नाहीं. आणि त्या हरकतीच्या कागदावर सही करणारे वा न करणारे हात या मासिकाचीं पानें उलटणाऱ्यांपैकींच कुणाचे तरी असतील.